आडव्या पाइपला लागलेले फटके

मी एक जुना गोलपोस्ट आहे, मित्रांनो. गंजलोय, पण वाकलेलो नाही. पनवेलजवळ खाडीकडच्या एका गावाच्या मैदानावर उभा आहे. माझा जन्म कळंबोलीच्या लोखंड बाजारातला. विठू वेल्डरने मला जोडलं तेव्हा तीन वेळा टेप लावली होती. "जमिनीपासून आडव्या पाइपापर्यंत आठ फूट. बोटभर कमी नाय," असं म्हणून त्याने मला थाप मारली. ती थाप मला अजून आठवते.

सुरुवातीला काय थाट होता माझा! दर वर्षी पांढरा रंग, नवी जाळी. मैदान राखणारी भामा मासळीचे दोन क्रेट एकावर एक ठेवून चढायची आणि जाळी बांधायची. मला लळा तिचाच.

आमचं मैदान खारजमिनीवरचं. पावसाळ्यात गोलच्या तोंडाशी चिखल व्हायचा आणि गोलकीपर घसरायचा. म्हणून क्लबचे अध्यक्ष बळीरामशेठ दर वर्षी सीझनआधी आपल्या डंपरमधून मुरूम आणून टाकायचे. त्यांचा धंदाच भरावाचा. नारळ फुटायचा, रोलर फिरायचा, टाळ्या पडायच्या. जमीन बोटभर वर यायची आणि मी तेवढाच खाली गडप व्हायचो. समोरच्या गोलचीही तीच गत. लोखंडाला तोंड नसतं हो, पण कळतं सगळं! एवढ्या वर्षांत कोणी म्हणून टेप लावली नाही.

यंदा दिवाळीनंतर प्रितम आला. उरणकडच्या कोळ्याचा मुलगा, नावाजलेला स्ट्रायकर. क्लबने त्याला हार घालून, वाजतगाजत आणला. पळता पळता आडव्या पाइपाच्या जेमतेम खालून जाळीत मारायचं, ही त्याची खासियत. पहिल्याच मॅचला त्याने तसा फटका मारला आणि धाड! माझ्या पाइपावर. दुसऱ्या मॅचला पुन्हा धाड! घरच्या सहा मॅचमध्ये अकरा फटके मी खाल्ले आणि त्याचा गोल एकही नाही. गावातल्या मुलांना जमिनीलगत मारायची सवय झाली होती. प्रितमच्या नजरेत मात्र आठ फूट पक्के बसले होते. बाहेरच्या मैदानांवर त्याने दोन गोल केले, पण ते बघायला गावातलं कोण गेलं होतं?

लोकांच्या तोंडाला काय, कुलूप नसतं. "पाय हाय का लाकूड?" असं त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. एका दुपारी तो एकटाच आला, माझ्या खांबाला कपाळ टेकून उभा राहिला. "माजा काय चुकतंय रं?" असं त्याने विचारलं. मला आसवं असती तर मी रडलो असतो, खरं सांगतो.

मग तो दिवस आला. खेळाडू दुसऱ्या क्लबला द्यायची मुदत त्या दिवशी पाच वाजता संपत होती. तळोज्याच्या क्लबचा माणूस कागद घेऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसला होता. कोच विनायक सर कळवळून म्हणाले, "शेठ, त्याला येऊन तीन महिने झालेत. सीझन पूर्ण होऊ द्या. तो का चुकतोय ते कळेपर्यंत विकायचं नाही."

"सर, सीझन संपल्यावर त्याला कोन घेनार?" शेठ म्हणाले. "आज मागनी हाय, तर आज देऊन टाकू."

शेवटी ठरलं, दहा फटके मारायचे. पाच आत गेले तर प्रितम राहणार. गोलमध्ये आमचा काळूराम उभा राहिला. नऊ फटक्यांत चार आत गेले, दोन काळूरामने अडवले, तीन मला लागले. दहाव्याला मी जीव खाऊन वर सरकायला बघत होतो, मित्रांनो. धाड!

शेठनी पेन काढलं. तेवढ्यात भामा पुढे आली. "शेठ, पयले जाली बांदायला मना दोन क्रेट लागायचे. आता येकच पुरतो. जरा बगा ना."

"तू उंच झाली असशील, भामाबाय!" शेठ म्हणाले. सगळे हसले आणि सही झाली. प्रितमने बूट पिशवीत भरले, कोणाकडे न बघता तो निघून गेला.

पुढच्या महिन्यात सेमीफायनल आमच्याच मैदानावर लागली, आणि समोर नेमका तळोज्याचा संघ. मोठी मॅच म्हणून रेफ्री टेप घेऊन आले. "सात फूट पाच इंच," ते म्हणाले. "दोन्हीकडचा भराव काढा, नाहीतर मॅच नाही." शेठचा मुरूम शेठच्याच माणसांनी फावड्यांनी उपसला. किती वर्षांनी माझ्या पायांना वारा लागला!

ऐंशी मिनिटं गोल झाला नाही. मग प्रितमला बॉल मिळाला. त्याचं पळणं बघूनच मी ओळखलं. मी अंग घट्ट केलं आणि वाट बघत राहिलो. फटका लागला नाही. बॉल माझ्या पाइपाखालून बोटभर अंतराने गेला आणि जाळी थरथरली. प्रितम नाचला नाही. त्याने हळूच माझ्या खांबाला हात लावला आणि परत फिरला. त्याच्या अंगावर आमची जर्सी नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

आम्ही हरलो, मित्रांनो. माणूस विकायचा तर विका, क्लब म्हटला की ते आलंच. पण आधी एकदा वाकून माझ्या बुडाशी टेप लावा की हो! एवढंच मागणं आहे या म्हाताऱ्या लोखंडाचं.

मैदान रिकामं झाल्यावर भामा जाळी सोडायला आली. ती क्रेटवर चढली, पण हात पोचेना. बळीरामशेठ एकटेच मागे राहिले होते. ते उठले आणि दुसरा क्रेट घेऊन आले.