पेठ नाक्यापर्यंत

सकाळी सात वाजता ठोसेघरच्या धबधब्याजवळ धन्यकुमार मगदूम यांनी मीठ सोडलं. पुढ्यातली उप्पिटाची ताटली त्यांनी मागे सारली.

"मीठ बंद. दूध दे नुसतं."

गुणमालाबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. काल कासच्या तलावावर साखर सुटली होती.

"ह्ये कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? नियम केलाय."

ते गाडीच्या पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहिले. गाडी म्हणजे चाकांवरचं घरच. आत दोन पलंग, शेगडी, नळ. गाडीमालकाचा ड्रायव्हर तानाजी कोरेगावचा, बोलका. बाईंनी पहिल्याच दिवशी नळाला पाणी गाळायचं फडकं बांधलं, तेव्हा तो म्हणाला होता, "काकू, टाकी नवी हाय."

"टाकी नवी असंल, पाणी जुनंच हाय की."

धन्यकुमारांचं आयुष्य सांगलीजवळच्या एका गावात पाण्याच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरण्यात गेलं. विहिरीतली मोटर बंद पडली की शेतकरी त्यांच्या दारात. दिवाळीतही दुकानाचं अर्धं शटर उघडं. लग्नानंतर नवराबायकोनं बघितलेलं लांबात लांब पाणी म्हणजे कृष्णेचा पूर. या माणसानं गेल्या आठवड्यात दुकानाच्या किल्ल्या मुलाकडे, भरतेशकडे दिल्या आणि जाहीर केलं, घरगाडी ठरवलीय, तळी-धबधबे बघत निवांत हिंडू. गुणमालाबाईंना ते तेव्हाच पटलं नव्हतं.

"बिनमोटरीचं एवढं पाणी," धन्यकुमार म्हणाले. "आमचा धंदाच बुडवला असता की गड्या."

तानाजी हसला. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी हे आधी बघितलं होतं. थोरले दीर सन्मती. त्यांचीही आधी साखर सुटली, मग मीठ, मग तूप, मग घर. दीक्षा घेऊन ते जैन मुनी झाले. आता विहार करत जवळपास आले की जाऊबाई चंदना दर्शनाला जातात, गर्दीत मागे बसतात, आपल्याच नवऱ्याला लांबून हात जोडून 'नमोस्तु' म्हणतात. महाराजांनी आशीर्वादाला मोरपिसांची पिंछी उचलली, की बायकोच्या वाट्याला तेवढंच. घरी आल्यावर चंदनाबाई दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

चातुर्मास संपत आला होता. दीर-महाराज याच भागात मुक्कामाला होते.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालून गाडी मागच्या रस्त्यानं पाटणकडे उतरली. कोयनेच्या पाण्याशी दुपारचं जेवण झालं. धन्यकुमारांनी आमटी घेतली नाही. केळंही परत ठेवलं.

"केळ्यानं काय पाप केलं?"

"अगं, नको वाटतंय."

नियम असता तर त्यांनी तसं सांगितलं असतं. नियमाबद्दल ते खोटं बोलत नसत. बाईंना मिरजेच्या खेपा आठवल्या. मोटरीचं सामान आणायला म्हणून ते महिन्यात दोनदा गेले होते आणि रिकाम्या हातानं आले होते. मिरजेला माणसं सामानाला कमी, दवाखान्याला जास्त जातात. त्यांनी पाण्याकडे जाऊन भरतेशला फोन लावला.

"बाबांला काय झालंय रं?"

"काय न्हाई आई. तुमी फिरा की निवांत."

"मिरजंला कशाला गेलते?"

"आई, गिऱ्हाईक आलंय. मागनं बोलतो."

मागून फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी ढेबेवाडीवरून गाडी गुढे-पाचगणीच्या पठारावर चढली. धन्यकुमार हातपाय धुवायला खाली उतरले, तेवढ्यात तानाजीच्या तोंडून निघून गेलं.

"काकू, उद्या गावी पोचल्यावर सामान मी घरात आणून देतो. तुमी एकट्याच असणार न्हवं?"

"एकटी?"

"काका पेठ नाक्यावर उतरणार म्हणाले." तो चपापला. "तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

पेठ नाक्यावरून सगळीकडच्या एसट्या मिळतात. महाराज होते त्या गावालाही मिळते, मिरजेलाही.

संध्याकाळी ते वारणेच्या जलाशयाशी पोचले. उजेड असेपर्यंत जेवण उरकायचं, म्हणून बाईंनी घाईनं भाकरी टाकल्या. बिनमिठाच्या. धन्यकुमार अर्धी भाकरी जेवले. तांब्या भरून पुढे ठेवला, तर दोनच घोट घेतले.

"पानी तर प्या. आता सकाळपतुर न्हाई."

"बास."

बाई खाली पायरीवर बसल्या. "आवं, खरं सांगा. पेठेवरनं कुठं जाणार? भावोजींच्या वाटंनं, का दवाखान्यात?"

त्यांनी तांब्या बाजूला सारला. "उद्या सांगतो."

"आज का न्हाई?"

"आज पाणी बघू की."

"मला तुमाला नमोस्तु म्हणाय लावू नका."

धन्यकुमारांनी मान फिरवली. गुणमालाबाईंच्या मनात आलं, दवाखानाच असू दे देवा. दवाखान्यात उशाशी बसता येतं, हात धरता येतो. मग आपण काय मागितलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

धन्यकुमारांचा पाय पायरीवर होता. मोज्याच्या कडेचा वळ सुजलेल्या घोट्यावर रुतला होता. बाईंनी तिथं अंगठा टेकवला आणि दाबला. त्यांनी पाय ओढून घेतला नाही.

अंगठा काढला तेव्हा कातडीत खळगा होता. तो भरून येतो का, ते त्या बघत राहिल्या. समोर सूर्य डोंगराआड गेला. पाण्यावरचा उजेड गेला, मग गाडीवरचा. दिसत होतं तोवर खळगा तसाच होता.