पाच फुटांवरची भोकं

"सोड पानी," एडविननं गाडीच्या आतून आवाज दिला आणि टॉर्च पेटवून बिछान्याच्या फळीवर मांडी घालून बसला.

बाहेर त्याच्या कामगारानं, कानिफनाथनं, गाडी धुवायच्या पंपाची नळी उचलली. छपरावर पाणी तडतडलं, भिंतींवरून सरसरत खाली आलं. एडविन आत टॉर्च फिरवत होता. छप्पर कोरडं, खिडक्या कोरड्या, सांधे कोरडे. तो खुशीत येऊन शीळ घालणार, तोच भिंतीतून बारीक चिळकांडी उडाली आणि थेट त्याच्या कानात शिरली.

"थांब, थांब," तो ओरडला. मग कान पुसत भिंतीजवळ गेला.

भोक. आणि परवा बुजवलेलं ते हे नव्हेच. परवाचं वीतभर पलीकडं, मलम लावलेल्या गळवासारखं गप पडलं होतं. हे ताजं होतं. गेल्या आठवड्यात तीन, परवा दोन, आज हे एक आणि दारापाशी आणखी एक. ही गाडी आहे का मांजर, एडविनच्या मनात आलं. वळून बघावं तर पिलं वाढलेली.

नेवासा फाट्याच्या अलीकडं एडविनची शेड. कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या बनवायच्या, मोडलेल्या सांधायच्या, हा त्याचा धंदा. त्यात ही एक जगावेगळी गाडी आली होती. कधीकाळी जीपच्या मागं जोडून खेडोपाडी फिरणारा मिशनचा दवाखाना. पंधरा वर्षं चिंचेखाली उभा होता, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. भंगारात निघाला तेव्हा कृपादान सरांनी तो घेतला आणि एडविनपुढं आणून उभा केला.

"याचं घर कर," सर म्हणाले होते. "दोघांपुरतं."

सरांची नोकरी ऑगस्टअखेर संपत होती आणि क्वार्टर आठवडाभरात रिकामं करायचं होतं. नोहाचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, पिंपरीला फ्लॅट होता. त्यानं आग्रह धरलेला. पण त्या फ्लॅटमध्ये सर-बाईंच्या वाट्याला येणार होता हॉलमधला सोफा. रात्री दहाला उघडायचा, सकाळी सहाला मिटायचा. चौतीस वर्षं शाळेच्या घंटेवर उठलो, आता सोफ्याच्या तालावर उठणार नाही, असं सरांचं म्हणणं. बोलेरोला गाडी जोडायची, आधी हरेगावच्या यात्रेला मतमाउलीपुढं, म्हणजे मारियामातेपुढं, उभं राहायचं, मग रस्ता नेईल तिकडं.

अट एकच होती. सरांच्या बायकोला, फिलोमिनाबाईंना, दमा. आत ओल आली की त्यांची छाती भरलीच म्हणून समजा. "एक थेंब जरी आत आला," सरांनी बजावलं होतं, "तरी आम्ही पिंपरीला."

म्हणून एडविननं जीव ओतला होता. आख नवा, बेअरिंग नवे, पाटे नवे. छपराचा पत्रा नवा, त्यावर सोलरची पाटी. आत पलंग, पलंगाखाली ड्रॉवर, वीतभर ओटा, मोरी. असं काम त्यानं स्वतःच्या घराचंही केलं नव्हतं. एवढं करून गाडी गळत होती. आणि खरी पंचाईत पुढंच होती. गाडी गळते म्हटल्यावर सर सोडून पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस एडविनकडंच बघून हसत होता.

त्यात लोकांचा दोष नव्हता. शाळेत असताना सरांच्या डस्टरच्या डब्यात बेडूक ठेवणारा हाच. चर्चच्या सणाच्या लिलावात स्वतःच्या सासऱ्याला त्याचाच कोंबडा विकणाराही हाच. महिन्यापूर्वी यानं कानिफनाथचा जेवणाचा डबा ऐरणीला वेल्डिंग करून टाकला होता आणि कानिफनाथ तासभर डबा ओढत बसला होता. वय पंचेचाळिशीला टेकलं तरी खोड गेली नव्हती. पण या गाडीत त्यानं एकही चेष्टा केली नव्हती. हे तो कुणालाही सांगायला गेला की समोरचा डोळा मारायचा.

कानिफनाथ नळी टाकून आत आला. दोघांनी भोक निरखलं. पत्र्याचे ओठ बाहेरच्या बाजूला वळलेले, म्हणजे खिळा आतून मारलेला. मारून परत काढलेला. आणि आतल्या प्लायवर भोकात काहीतरी पांढरं लिंपलेलं. एडविननं नखानं उकरलं, नाकाला लावलं.

"साबन हाय," तो म्हणाला. "कपड्याचा."

"मंजी भोक पाडायचं आन् वर साबन लावून जायाचं?" कानिफनाथनं डोकं खाजवलं. "असला कसला चोर?"

एडविननं टेप काढला. एकूण एक भोक मोजलं. पलंगाजवळचं पाच फूट, दारापाशी पाच फूट, खिडकीशेजारी पाच फूट आणि बोटभर. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खिळा ठोकताना माणूस तो आपल्या कपाळासमोर धरतो. त्यानं कानिफनाथला भिंतीला उभं केलं. भोक त्याच्या हनुवटीखाली आलं. ताडमाड गडी, तो सुटला. शेजारच्या डेंटिंगवाल्या गहिनीनाथला हाक मारून आणलं, त्याच्या तर गळ्याशी आलं.

"आता तू उभा ऱ्हा," कानिफनाथ म्हणाला.

एडविन उभा राहिला. भोक बरोबर त्याच्या दोन भुवयांच्या मधोमध आलं, टिकली लावावी तसं.

दोघं त्याच्याकडं बघत राहिले. गहिनीनाथ हसत हसत आपल्या गॅरेजकडं निघून गेला आणि जाता जाता म्हणाला की डब्यापेक्षा ही चेष्टा बरी आहे.

"म्या न्हाई रं," एडविन म्हणाला.

"न्हाई तर न्हाई."

"आईशप्पत."

"कोंबड्याच्या टायमालाबी आईशप्पतच हुती."

त्या दिवशी एडविननं भोकासमोर उभं राहून तीनदा आपली उंची मोजली. आपण झोपेत चालत येऊन हे करतो की काय, अशी शंका त्याला स्वतःलाच येऊ लागली होती. शेवटी त्यानं चोराला चेष्टेखोराच्याच वाटेनं गाठायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडीच्या दांड्याला त्यानं खालून रेड ऑक्साइडचा पातळ हात फिरवला. वरून दिसू नये, पण धरला की तळवा लाल व्हावा. दोन दिवस रॉकेलनं घासलं तरी जात नाही ते. हातोडी गाडीतल्या कोपऱ्यात ठेवली आणि तो ट्रॉलीच्या कामाला लागला.

सरांची शिल्लक रजा चालू होती, त्यामुळं रोजच्यासारखे दुपारी सर आणि बाई आले. सर कडुनिंबाखाली खुर्ची टाकून पेपर उघडायचे. बाई शिलाईचं मशीन घेऊन गाडीत पडदे शिवत बसायच्या. शाळेत त्या शिवणकामच शिकवायच्या. गडी जेवायला बसले. शेजारी गहिनीनाथ कुठल्याशा जीपचा दरवाजा ठोकून सरळ करत होता. दिवसभर ठोकतच असायचा. त्या आवाजात कुणी तोफ डागली असती तरी कळलं नसतं.

जेवण झाल्यावर एडविननं आधी कानिफनाथचे हात तपासले. काळे होते, लाल नव्हते. मग पेपर मागायच्या निमित्तानं सरांचे पाहिले. खडूनं भेगाळलेले, स्वच्छ.

"एडविन, चहा," गाडीच्या दारातून बाई म्हणाल्या.

त्यांनी कप पुढं केला. डाव्या हातानं. उजवा हात पदरात गुंडाळलेला होता आणि निळ्या पदराच्या काठाला विटकरी डाग पडला होता.

एडविननं कप घेतला नाही. बाई पायरीवर उभ्या होत्या, तो खाली. पायरी वजा केली तर बाई त्याच्याएवढ्याच उंचीच्या. हे इतक्या दिवसांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो त्यांना कायम मशीनवर वाकलेलंच बघत आला होता.

त्यांच्या मागं गाडीत लोखंडी पेटी दिसत होती. पेटीवर एक फ्रेम भिंतीला टेकून उभी. लग्नातला फोटो, सर बारीक, बाई त्याहून बारीक. फ्रेमच्या मागून कोऱ्या सुतळीचा फास लोंबत होता. जुनी, काळी पडलेली सुतळी तोडून पेटीवरच टाकलेली.

हा फोटो एडविनच्या ओळखीचा होता. शाळेत शिक्षा झाली की कान पिळून घ्यायला त्याला सरांच्या क्वार्टरवर जावं लागायचं. कान पिळला जाताना मान वाकडी व्हायची आणि वाकड्या मानेनं तो घर बघायचा. त्या घरात भिंतीवर काहीच टांगलेलं नसायचं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला. फोटो पेटीवर. घड्याळ फळीवर उताणं पडलेलं. किती वाजले बघायला आडात डोकावल्यासारखं वाकावं लागायचं. दारामागं मिशनच्या क्वार्टरचे नियम चिकटवलेले. सर वसतिगृहाचंही काम बघायचे, त्यामुळं ते नियम त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात. चौथा नियम त्याला अजून पाठ होता. भिंतीस खिळे मारू नयेत.

"एडविन," बाई हळूच म्हणाल्या, "पत्रा फार पातळ आहे रे."

"व्हय बाई."

"मला वाटलं, साबणानं बुजेल."

तेवढ्यात पेपरची घडी घालून सर आले. कानिफनाथनं पाण्याची कहाणी त्यांच्या कानावर घातली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मोबाईल हातात होता.

"खरं सांग," सर म्हणाले. "ही गाडी गळते, की तू गळवतोस? गाडीच गळकी असेल तर मी आत्ता नोहाला फोन लावतो. हिच्या छातीशी मी खेळणार नाही."

एडविननं बाईंकडं पाहिलं नाही. त्यानं शेडच्या छपराकडं पाहिलं, कानिफनाथकडं पाहिलं आणि दात काढले.

"मीच सर. जरा गंमत केली."

"काय?"

"खिळे मारून काढत हुतो. तुमची फजिती बघावी म्हनून."

"बघा," कानिफनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होतं.

सरांनी मोबाईल खाली घेतला. मग म्हणाले, "कान धर."

पंचेचाळिशीच्या एडविननं स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या कामगारासमोर दोन्ही कान धरले.

"गाडी चांगली आहे ना पण?"

"गाडी एक नंबर हाय सर. मानूसच नालायक."

"ते मला सातवीपासून माहिती आहे," सर म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकून पुन्हा कडुनिंबाकडं गेले.

"चहा निवला," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी कप उजव्या हातानं दिला.

पुढचे तीन दिवस एडविननं कुणाला हात लावू दिला नाही. बाहेरून एकेक भोक साफ करून पक्कं बुजवलं. आतून गाडीच्या चारही बाजूंनी, जमिनीपासून पाच फुटांवर, चार बोटं रुंद आणि दीड इंच जाड सागवानी पट्टी फिरवली, स्क्रूनं सांगाड्यात आवळली, पॉलिश केली. कानिफनाथनं विचारलं तर म्हणाला, पडद्यासाठी. पडदे तर खिडकीला आहेत, असं कानिफनाथ म्हणाला. एडविन म्हणाला, असू दे की. मग पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये त्यानं काडेपेटी ठेवली. तिच्यात एक इंची चुका, म्हणजे बारीक खिळे, होत्या, जास्त लांब नव्हेत.

पोळ्याच्या दिवशी पाण्याची शेवटची परीक्षा झाली. तासभर पंप चालला. आत टॉर्च घेऊन सर स्वतः बसले होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट कोरडा होता. उद्या सकाळी निघायचं ठरलं. एडविननं बोलेरोच्या पुढच्या बंपरला, बैलाच्या शिंगांना लावतात तसं, हिंगूळ फासलं आणि दोन गोंडे बांधले. आज हाच आपला बैल, असं तो म्हणाला, तेव्हा सर पहिल्यांदा हसले.

सण म्हणून गहिनीनाथचं गॅरेज बंद होतं. बैलवाले गावात गेलेले. बैल नसलेला कानिफनाथ तेवढा कामावर होता आणि मघापासून पेट्या उचकत होता.

"हातोडी कुठंय?" तो म्हणाला. "तूच लपवली आसनार."

"व्हय," एडविन म्हणाला. "मीच."

"दे की मग."

"सांजच्याला देतो."

कडुनिंबाखाली सर खुर्चीत रेलले होते. शेजारी ठोकाठोक नसल्यामुळं शेड इतकी शांत होती की पेपरचं पान उलटलेलं ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत गाडीच्या बंद दाराआडून आवाज आला. ठुक. मग बराच वेळ काही नाही. कुणीतरी मागं सरकून, मान तिरपी करून बघत असावं तसं. मग पुन्हा, ठुक.

सरांनी पेपर खाली केला.

एडविननं ग्राइंडर उचलला, बटण दाबलं आणि समोर पडलेल्या एका जुन्या अँगलवर टेकवला. ठिणग्यांचा फवारा उडाला. कर्कश्श आवाजानं शेड भरून गेली.

"आरं, ते भंगारातलं हाय," कानिफनाथ त्याच्या कानाशी येऊन ओरडला. "काय घासतोय?"

एडविन घासत राहिला.