बघितलेल्या पिक्चरांची वही

मित्रांनो, मी दोनशे पानांची वही आहे, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कुणी मला उघडलं की आधी मनात येतं, हा लिहायला आलाय की पान फाडायला? वहीच्या जातीला हा स्वभाव जन्मतःच मिळतो. कागदाच्या मोठ्या रिळातून मला कापलं, निळ्या रेघा ओढल्या, पाठ शिवली आणि वर धबधब्याचं चित्र असलेलं कव्हर चढवलं. एवढं सोसल्यावर माणूस काय, वहीसुद्धा जरा सावध होते.

बारामतीच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानातून राजलक्ष्मीनं मला विकत घेतलं. ती तेव्हा अकरावीत होती. माझ्या पहिल्या चार पानांवर तिनं रसायनशास्त्राची सूत्रं उतरवली. मग क्लासच्या सरांनी छापील नोट्स दिल्या आणि मी शेळगावच्या घरात कपाटाच्या तळाशी गेले. तिथं साड्यांखाली मी सहा वर्षं काढली. एक कोपरा झुरळानं खाल्ला.

तोवर राजलक्ष्मी शिकून पुण्याला नोकरीला लागली. दिवाळीला आली तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लावून गेली. स्वतःच्या मोबाइलवरचं पिक्चर-मालिकांचं अ‍ॅप तिनं त्यावर चालू करून दिलं आणि आईला म्हणाली, "मम्मी, पाहिजे तेव्हा बघ. आणि कसं वाटलं ते मला सांगत जा."

तिची आई म्हणजे जयवंताबाई. वय बावन्न, शिक्षण दहावी. रानातून आल्यावर, दुपारची भांडी झाली की त्या टीव्हीसमोर बसू लागल्या. पण फोन करावा तर लेक कामात, आणि रविवारपर्यंत निम्मं विसरायला व्हायचं. म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं आणि पाचव्या पानावर तारीख टाकून लिहिलं, "आज एक पिक्चर बघितला. हिरॉईन दिवसभर खुरपते आणि नखांना पॉलिश. खुरपं धरायची पद्धत चुकीची. गाणी बरी."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. रसायनशास्त्र मला कधी कळलं नव्हतं. हे कळत होतं.

जयवंताबाईंना लवकरच खुनाच्या मालिकांची गोडी लागली. पहिल्या भागापासून त्या एकेकावर नजर ठेवायच्या. "धाकटा भाऊ मयतीत रडला, पण डोळे कोरडे." "डॉक्टरीण दोनदा घड्याळाकडे बघते. का?" "नवरा फार गोड बोलतोय. हाच." अकरा मालिकांपैकी आठ वेळा त्यांनी खुनी आधी ओळखला. एकदा चुकल्या तेव्हा लिहिलं, "शेवट पटला नाही. लिहिणाऱ्यानेच फसवले."

त्यांचे यजमान हिंदुराव. दहा एकर ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, बोलणं मोजकं. ते जेवून आले की शेजारच्या खुर्चीत बसून तेच बघायचे. जयवंताबाई हसल्या की तेही हसायचे.

पण संशयाची नजर एकदा तयार झाली की ती पडद्यावर थांबत नाही. पिक्चरांच्या मधे मधे माझ्यात वेगळ्याच ओळी येऊ लागल्या. "यांनी आवाज पंचवीसचा चाळीस करायला लावला." "मराठी पिक्चरलासुद्धा यांना खाली अक्षरे पाहिजेत. सवय झाली म्हणतात." "फोन वाजतो, उचलत नाहीत. कुणाचा असतो?" "बुधवारी मासे आणायला म्हणून भिगवणला जातात. तीन बुधवार झाले, मासा घरात नाही."

खरं सांगते, मलाही हिंदुरावांचा संशय आला.

आणि एके दिवशी भिगवणहून महिपतीचा फोन आला. महिपती हिंदुरावांचा जुना दोस्त, हायवेला त्याची माशांची खानावळ आहे. मी टेबलावरच होते. तो म्हणत होता, "वयनी, हिंदुराव बरं हायत न्हवं? दोन म्हयनं झालं, हिकडं फिरकलं न्हाईत. फोन करावा तर उचलत न्हाईत."

"बरं हायत की," जयवंताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांनी टीव्ही लावला नाही. माझ्यात एकच ओळ लिहिली, "भिगवणला जातच नाहीत, मग कुठे?" पेन इतकं दाबलं होतं की ओळ मागच्या पानावर उमटली.

आता हिंदुरावांचंही ऐका. आपण खोलीत आलो की बायको घाईनं वही मिटते, हे त्यांनी हेरलं होतं. जयवंताबाई रानात गेल्या असताना त्यांनी मला उघडलं. समोर आलं ते पान असं होतं, "हा माणूस बायकोपासून लपवतोय. तिला सगळे कळले आहे. ती फक्त वाट बघतेय." मित्रांनो, हे एका मालिकेतल्या इंजिनिअरबद्दल होतं. जयवंताबाई मालिकेचं नाव लिहायचा कंटाळा करायच्या, त्याचा हा परिणाम. हिंदुरावांनी ती ओळ तीनदा वाचली. हे आपल्याबद्दलच आहे असं समजून, दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून, ते मला शर्टाखाली धरून गोठ्याकडं गेले आणि ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत टाकून झाकण लावलं.

आत नट आवळायचे लोखंडी पाने होते, ग्रीसचा डबा होता आणि फडक्याखाली एक छोटी पांढरी डबी होती. तिच्यात वालाच्या दाण्याएवढी, कातडीच्या रंगाची दोन यंत्रं होती. रोज सकाळी हिंदुराव यायचे, आजूबाजूला बघायचे आणि ती यंत्रं कानांत घालून ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचे. एकदा म्हैस रवंथ करत होती, तर बराच वेळ ते तेवढंच ऐकत राहिले. कुणाची पावलं वाजली की यंत्रं काढून डबीत. मला सगळं उमगलं होतं, पण सांगणार कुणाला? माझ्या अंगात फक्त दुसऱ्याचे शब्द.

घरात नऊ दिवस शोधाशोध चालली होती. पुढचं मला नंतर कळलं, कारण जयवंताबाईंनी ते माझ्यातच सविस्तर लिहिलं आहे.

स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं होतं, "माझी वही बघितली का तुमी?" हिंदुराव पाठमोरे बसले होते. उत्तर आलं नाही. जयवंताबाईंनी मनाशी ठरवलं, चोर हाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं एक विनोदी पिक्चर बघत होते. आता सरळ विचारायचंच, म्हणून जयवंताबाईंनी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला. खोलीत फक्त पंख्याची घरघर राहिली. आवाज का घालवला, असं हिंदुराव म्हणतील म्हणून त्या थांबल्या. ते काही म्हणाले नाहीत, समोर बघत राहिले. जयवंताबाईंच्या मनात एक विचार आला. पडद्यावर एक माणूस नुसती गाडी लावत होता. त्या मुद्दाम हसल्या.

हिंदुरावांनी त्यांच्याकडं बघितलं आणि तेही हसले.

तिथं लिहिलंय, "हे इतके दिवस टीव्ही बघत नव्हते. मला बघत होते."

त्या उठून त्यांच्या पुढ्यात बसल्या. "अवो, टीव्हीचा आवाज बंद हाय."

हिंदुरावांनी त्यांच्या ओठांकडं बघितलं, मग पडद्याकडं. आणि मान खाली घातली.

"कवापासनं?"

"गेल्या साली उसाचं गळीत झालं तवापासनं."

"आन् बुधवारी कुठं जात हुता?"

"बारामतीला. कानाच्या डॉक्टरकडं."

"मग त्येनी मशीन दिलं न्हाय?"

"दिलंय की. ट्रॅक्टरच्या पेटीत हाय."

"तितं कशापायी? ट्रॅक्टरला ऐकू येत न्हाय व्हय?"

हिंदुरावांना हसू आलं नाही. "कानात मशीन घालून विकास सोसायटीच्या बैठकीला गेलो, तर थेरडं म्हणतील लोक. आन् तुला वाटलं असतं, नवरा कामातनं गेला." मग ते म्हणाले, "परवा कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर चालवत हुतो, मागनं उसाचा ट्रक आला. हॉर्न ऐकूच आला न्हाय. आरशात दिसला म्हणून बाजूला झालो."

 महिनाभर त्या कुठल्या बाईचा पत्ता शोधत होत्या, आणि इकडं नवरा एका आरशावर जिवंत होता.

"तुला कळलंय ह्ये तू वहीत लिवलंच हुतंस की," हिंदुराव म्हणाले. "वाचलं मी."

"ते तुमचं न्हाय. ते मालिकेतल्या इंजिनिअरचं हाय."

"मग माझं काय लिवलंस?"

"ते आता वाचू नका," जयवंताबाई म्हणाल्या. "मी भलताच संशय घेतला हुता."

त्या दिवशी मी आणि पांढरी डबी, दोघी एकदमच घरात आलो. माझ्या कव्हरवर ग्रीसचा डाग आहे तो तेव्हाचा. यंत्रं कानांत घालून हिंदुराव पिक्चर बघायला बसले आणि पाच मिनिटांत म्हणाले, "आवाज कमी कर. आन् तू पिक्चर बघताना येवढं बोलतीस व्हय गं?" वर्षभर त्यांना वाटत होतं, बायको गप बसून बघते.

सोसायटीत दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी तिथलेच वयस्कर मोहनराव त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "त्या डॉक्टरचं नाव काय म्हणालास?"

आता माझ्यात दोन अक्षरं असतात. जयवंताबाईंचं गोल, आणि हिंदुरावांचं एका बाजूला कललेलं. त्यांचा पहिला अभिप्राय असा आहे, "पिक्चर चांगला. शेवटी म्हातारा हळू बोलतो, ते ऐकू आले." राजलक्ष्मी सुट्टीला येते तेव्हा मला पहिल्या पानापासून वाचते. मधली काही पानं आईनं टाचणीनं एकत्र लावून टाकली आहेत. ती उघडायची परवानगी तिलाही नाही.

संशय पुरता गेलाय असं मात्र समजू नका. जयवंताबाई तूर विकायचा विषय काढतात तेव्हा हिंदुराव यंत्र मुद्दाम बंद करतात, असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं. पुरावा अजून मिळालेला नाही.

मित्रांनो, माझी पानं आता थोडीच उरलीत, म्हणून एक मागणं मागते. तुमच्या घरात कुणी हल्ली फोन उचलत नसेल, हाकेला ओ देत नसेल, सगळे हसले की मागून हसत असेल, तर त्याच्याबद्दल वहीत लिहीत बसू नका. वहीला उत्तर देता येत नाही. उठा, त्याला तुमचं तोंड दिसेल असं समोर जाऊन बसा, आणि सावकाश विचारा.