अण्णांचा तिसरा दिवा

तीस वर्षं वायरमनचं काम केलेल्या अण्णांना माशांच्या दोन फुटी टाकीतली चार रोपटी जगवता येईनात, यापरता अपमान तो कोणता! टाकी सूनबाईची. लग्नानंतर माहेराहून तिनं ती मासे आणि पाणवनस्पतींसकट आणली होती आणि सोबत एक लांबट, पोचे पडलेला दिवा. "घरात वायरमन असताना हे खेळणं कशाला?" म्हणत अण्णांनी तो पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकला.

मग त्यांनी शोकेसचा पिवळा दिवा लावला. खोली काय सुरेख दिसायला लागली! रोपं मात्र काड्यांसारखी लांबली, पानं फिकी पडली. उजेड कमी पडतो काय? घ्या! अण्णांनी दुकानांच्या पाट्यांवर लावतात तसला फ्लडलाइट आणून टांगला. मासे दगडामागे दडून बसले आणि पंधरा दिवसांत काच शेवाळानं हिरवीगार झाली.

"अण्णा, झाडांना उजेड वेगळा लागतो," सून चाचरत म्हणाली. "आणि तोही सात-आठ तासच..."

"मला उजेड शिकवतेस?"

ती आत निघून गेली. अण्णांची बायको मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "बाजारात लखलखाट नि घरात शेवाळ!"

अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिसरा दिवा त्यांनी पांढऱ्या पट्ट्या जोडून स्वतःच्या हातानं बनवला आणि काय आश्चर्य, महिन्याभरात पालवी फुटली! जो भेटेल त्याला अण्णा आपल्या दिव्याची कथा ऐकवू लागले.

एका दुपारी पक्कड राहिली म्हणून ते घरी आले. त्यांचा दिवा कोचावर पडला होता. टाकीवर जुना, पोच्यांचा दिवा लागला होता आणि सून ओल्या हातांनी पानं छाटत होती. अण्णांना पाहून ती जागच्या जागी थिजली.

"कधीपासून?"

"महिना झाला. तुम्ही कामावर गेलात की लावते, यायच्या आत काढते. डोळ्यांदेखत मरत होती हो सगळी."

अण्णांचं डोकं भणभणलं. जगभर मिरवून झालं होतं! ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात नजर वायरीवर गेली. त्या दिव्याचा प्लग त्यांनीच कापून दुसरीकडे वापरला होता. हिनं इस्त्रीची जुनी वायर नुसता पीळ देऊन जोडली होती. टेपसुद्धा नाही. उघडा जोड पाण्यापासून चार बोटांवर.

अण्णांनी धावत जाऊन बटण बंद केलं. "चिकटली असतीस ना! रोज हात लावतेस याला? दिवा चुकलाय, एवढं मला सांगता येत नव्हतं?"

"भीती वाटली," ती म्हणाली.

"आणि याची नाही वाटली?"

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. अण्णांनी मान खाली घातली. घरात कधी चपला न घालणारी सूनबाई जाड रबरी चपला घालून उभी होती.