घंटा फुटलेलं वज्र

मी एक वज्र आहे. इंद्राच्या हातातलं नव्हे. पितळेचं, मुठीत मावणारं, दोन्ही टोकांना कळीसारखं मिटलेलं. कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत ज्योतिबा नावाचा पेन्शनर शिपाई राहतो, त्याच्या कोनाड्यात मी पडून असतो. बोलायची हौस आता उरली नाही. पण माझ्यापायी या घरावर गाव उलटलं होतं, ते सांगायला हवं.

नेपाळात पाटणच्या एका ओताऱ्यानं मला घडवलं. खेचरावरून तिबेटात गेलो. तिथून पुढं एकापाठोपाठ एक सात लामांनी पूजेच्या वेळी मला उजव्या हातात धरलं, डाव्या हातात घंटा. वज्र म्हणजे करुणा, घंटा म्हणजे प्रज्ञा, असं ते म्हणत.

सातवा लामा तिबेट सोडून दार्जिलिंगजवळच्या लहानशा मठात राही. दर हिवाळ्यात तो शिष्यांना सांगे, की गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाणारा हा मंत्रांचा मार्ग मगधात आणि बंगालात वाढला. तिथले आचार्य कुणी समुद्रावरून जाव्याला गेले, कुणी चीनला. चीनमधून जपानी भिक्खूंनी तो आपल्या बेटावर नेला. पुढे मगधातले विहार जळाले, तेव्हा उरलेले लोक पोथ्या पाठीला बांधून हिमालय चढले. "जिथून निघाला तिथं आता त्याला कुणी ओळखत नाही," असं लामा शेवटी म्हणे. तेच तेच सांगून तो थकला होता, ऐकून मी.

चौतीस सालच्या भूकंपात माझी जोडीची घंटा भिंतीखाली सापडून फुटली.

चव्वेचाळीस साली इंफाळच्या लढाईतले आजारी शिपाई त्या डोंगरावर विश्रांतीला आले. त्यांत ज्योतिबा होता. अंगावर जखम नव्हती, पण उजवा हात सारखा थरथरे. चहाचा कप धरता येत नसे. एका सकाळी तो मठाच्या पायरीवर बसलेला पाहून लामानं मला त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"बाबा, गिरेगा," ज्योतिबा म्हणाला.

"गिरेगा तो उठा लेंगे," लामा म्हणाला.

महिनाभर तो रोज आला. निघायच्या दिवशी लामानं मला त्याला देऊनच टाकलं. "तुम्हारे मुलुक का है. ले जाओ."

असा मी माणदेशाच्या कडेला, या कुसळांच्या मुलखात आलो. ज्योतिबाला मंत्र काही येत नव्हता. रोज सकाळी मला हातात धरून तो ओसरीवर बसे आणि लढाईत गेलेल्या सोबत्यांची नावं पुटपुटत राही. चौदा नावं. त्याची बायको चंद्राबाई भाकरी थापता थापता ऐके, पण कधी विचारत नसे.

सेहेचाळीस साली गुरांवर बुळकांडी आली. शेजारच्या आप्पासोची दोन्ही खोंडं गेली. रोज पुटपुटणारा शेजारी आणि त्याच्या हातातली ती परकी वस्तू लोकांच्या डोळ्यांत आधीच सलत होती. गावात बोलणं उठलं, "ज्योत्या करणी करतोय."

ज्योतिबा हाताच्या तपासणीला साताऱ्याला गेला, तेव्हा मला घेऊन संस्कृतच्या एका निवृत्त मास्तरांकडे गेला. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी मला उजेडात धरून उलटसुलट फिरवून पाहिलं.

"हे बौद्धांचं वज्र. यांचं तंत्र म्हणजे जादूटोणा नव्हे, बाबा. मन शांत करायची वाट आहे ती." त्यांनी तसं कागदावर लिहून दिलं.

चावडीत कागद वाचला गेला. पण लोकांच्या कानात एकच शब्द राहिला, तंत्र.

"बगा! कागदच सांगतोय," आप्पासो ओरडला. "हिरीत टाक ती वस्तू, न्हाईतर गाव सोड. काय पुटपुटतोस रं रोज? सांग की समद्यांम्होरं!"

ज्योतिबानं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तेव्हा बायकांतून चंद्राबाई पुढं आली. तिनं मला त्याच्या हातातून घेतलं.

"ह्यास्नी सांगता येत न्हाई. मी सांगते. माझं पाठ हाय." आणि ती एकेक नाव घेत गेली. बाजू सावर्डेकर. रामू लोहार. दत्तू बोरगावकर... अकरावं नाव आलं, "नानासो, आमच्या आप्पाभावजींचा धाकटा भाऊ."

आप्पासो झटकन पुढं सरकला. त्याच्या घरी आलेल्या सरकारी पत्रात एवढंच होतं, की नानासो लढाईत पडला.

"तू हुतास तिथं?" आप्पासोनं विचारलं. "कसा गेला त्यो?"

"ताप हुता, आप्पा. पाठीवर घिऊन चाललो हुतो. तोफा सुरू झाल्या. मग ओढ्याकडंला ठिवला, पाणी पाजलं. परत येतो म्हणालो." ज्योतिबा खाली बघत राहिला. "गेलोच न्हाई."

आप्पासो उठला आणि कुणाकडं न बघता निघून गेला. मला विहिरीत टाकायचं मग कुणीच बोललं नाही. ज्योतिबानं मात्र त्या दिवसापासून मला हात लावला नाही. सकाळी नुसताच बसून राही.

अकराव्या दिवशी आप्पासो आला, पायरीवर टेकला. बराच वेळ त्यानं तंबाखू मळली, ती खाल्लीच नाही. मग हात पुढं केला. चंद्राबाईनं मला त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"ज्योत्या, पाणी पेला का रं त्यो?"

"पेला, आप्पा. दोन घोट."

आप्पासोनं मान हलवली. ऊन अंगावर येईपर्यंत दोघं तसेच बसले.

त्याला तीन वर्षं झाली. ज्योतिबाच्या हाताचा कंप गेलेला नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. आप्पासो कधी येतो, कधी येत नाही. तात्या पत्रातून मला मागतात, काचेच्या कपाटात नीट राहीन म्हणतात. राहीनही. पण दिवाळीला चंद्राबाई चिंचेनं भांडी घासते, तेव्हा मला बाजूला काढून ठेवते. एवढ्या माणसांच्या बोटांचं तेल माझ्यावर बसलंय, ते तिला पुसवत नाही. असंच राहू द्या मला. फार लांबून आलोय, दमलोय.