कोटातले सूर्यभान

अकोल्याच्या नव्या घरात विपुलनं भिंतभर फोटो लावले, पण बाबांच्या फोटोपाशी आल्यावर त्याचं डोकंच फिरलं. आधार कार्डावरून फोटो मोठा करताना स्टुडिओवाल्यानं सूर्यभानच्या अंगात आपल्याच मनानं निळा कोट चढवला होता, वर लाल टाय!

"आई, बाबानं जन्मात कोट नाई घातला. उद्या बदलून आनतो."

अंजनाबाई फोटोसमोर येऊन उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन सरकत सरकत फोटोवर आलं होतं, आणि कापूस वेचता वेचता मधूनच उठून कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखा त्यांचा नवरा दिसत होता. काचेत त्यांचा स्वतःचा चेहराही उमटला होता, अगदी त्या कोटाच्या खांद्याला लागून. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं असे शेजारी एकाही फोटोत बसले नव्हते. लग्नातसुद्धा फोटोवाला आलाच नव्हता.

"कोट राहू दे," त्या म्हणाल्या. "स्टुडिओवाल्याले सांग, मले बी तुह्या बाबाच्या बाजूले बसव म्हनावं. साडी हिरवी दे."

"बरं."

विपुल दारापर्यंत गेला, तशी त्यांनी पुन्हा हाक मारली. त्यांचं बोट मोकळ्या कपाळावर टेकलं होतं.

"अन् कुंकू मोठं लाव म्हनावं."