बारा व्होल्टचा डबा

मित्रांनो, मी एक जुना वीजडबा आहे. आपली कथा सांगायला बसलेले बहुतेक जण आपण किती उपयोगी पडलो ते आधी सांगतात. मी आधी दुसरंच सांगून टाकतो. माझ्यामुळे एका माणसाचा अंगठा गेला आणि दुसऱ्याचं खांद्याचं हाड मोडलं. ते दोघे सख्खे भाऊ होते. एवढं ऐकूनही बसणार असाल तर पुढे सांगतो.

माझा जन्मच मारामारीतून झाला. साल सत्तावन्न. बुऱ्हानपूरच्या इतवाऱ्यात नंदकुमारचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा जिनिंगवाला दोस्त सुकलाल मुंबईहून एक नवलाचा खेळ घेऊन आला: चार बोटं लांबीच्या दोन मोटारगाड्या. लांब फळीत खाच पाडायची, खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी ठोकायची आणि गाडीच्या पोटाखालची कांडी खाचेत अडकवायची. पट्ट्यांत वीज सोडली की गाडीतली सुपारीएवढी मोटर गरगर फिरायची आणि गाडी सुसाट सुटायची. पण हे सगळं चाले बॅटरीच्या सेलवर, आणि सेल अर्ध्या तासात मान टाकत. एका शर्यतीत ऐन वळणावर सुकलालची गाडी थांबली. नंदकुमारने मुद्दाम मेलेले सेल लावले, असं तो म्हणाला. दोघे एकमेकांच्या अंगावर गेले, फळी मोडली, सुकलालचा ओठ फाटला आणि दुकानातला रेडिओ फरशीवर पडून फुटला. त्या रेडिओच्या पोटातलं लोखंड म्हणजे माझं काळीज.

मला बनवलं नंदकुमारच्या मोठ्या भावाने, अरविंद मास्तरांनी. ते बुऱ्हानपूरच्याच लालबाग भागातल्या शाळेत विज्ञान शिकवत. माणूस हुशार, पण हाताचा फार सैल. पोरांवर छडी चालवायचे तसा धाकट्या भावावरही हात टाकायचे. आणि धाकटा काही ऐकून घेणारा नव्हता. तोही परत द्यायचा.

रेडिओच्या लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळताना नंदकुमार दांडी फिरवायचा आणि मास्तर वेढे मोजायचे. एकदा चारशेच्या पुढे मोजणी चुकली. "बडबड करू राहिला तू, म्हणून चुकलं!" म्हणत मास्तरांनी त्याच्या थोबाडीत लगावली. नंदकुमारने तीच दांडी त्यांच्या पोटात ढोसली. मी अजून अर्धाच गुंडाळलेला होतो. जगाचं पहिलं दर्शन मला असं झालं. तरी खोटं बोलणार नाही, दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा शेजारी बसले आणि पहिल्या वेढ्यापासून मोजू लागले. तेव्हा मला ते दोघे फार आवडले.

घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज मी आत घ्यायचो आणि बारा व्होल्टची करून बाहेर सोडायचो. सेलेनियमच्या चकत्यांतून ती सरळ एका दिशेने वाहायची. गाडीचा वेग कमीजास्त करायला हीटरची तार होती, चिनी मातीच्या कांडीवर गुंडाळलेली. अंगाला रॉकेलच्या डब्याचा पत्रा. आणि दोनशे तीस व्होल्ट आत येतात त्या बाजूला, दोन पितळी स्क्रूंच्या मध्ये, केसाएवढी बारीक फ्यूजची तार, जादा भार आला की जळणारी. ही तार शर्यतीत सारखी जळायची, म्हणून माझं झाकण कधी लावलंच नाही. तो आळस होता. माझ्याकडून कुणी काही शिकणार असेल तर पहिलं हे शिका.

तार बदलायचं काम नंदकुमारचं. त्याची बोटं घड्याळाच्या कामाला सरावलेली. डोळ्याला भिंग लावून तो माझ्यावर वाकायचा आणि मान वर न करता विचारायचा, "बंद?" मास्तर माझ्या कुशीचं बटण वर करून म्हणायचे, "बंद." मग तो उघड्या हाताने तार बसवायचा. शंभर वेळा असं झालं असेल. एवढ्या एका शब्दावर भावाने भावाच्या हाती जीव दिलेला होता.

माझी कीर्ती झाली. रविवारी दुकानामागे गर्दी व्हायची. "डबा नही, जनावर आहे हे!" असं सुकलाल म्हणायचा आणि मी फुगून जास्तच गुणगुणायचो. डोकीही फुटायची. गाडी खाचेतून उडाली की ती कुणाच्या धक्क्याने उडाली यावरून बाह्या सरसावल्या जायच्या. एका लिंबू सरबतवाल्याचे दोन दात माझ्यासमोर पडले. त्या दंग्याची मला मजा वाटायची, हे आज सांगताना लाज वाटते.

आता भांडणाचं खरं मूळ सांगतो. राज्यांची नवी वाटणी झाली होती. आमची राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली. दुकानांच्या पाट्या, कचेरीतले कागद, सगळं हिंदीत येऊ लागलं. ओळखीची कितीतरी मराठी माणसं तापीकाठाने खाली जळगावकडे निघून गेली. नंदकुमारलाही जायचं होतं. त्याची बायको कमल हिचं माहेर तिकडचंच. मास्तर मात्र पेटून उठायचे. बापाच्या मागे त्यांनीच या भावाला वाढवलं होतं. तो गाव सोडून जाईल हे त्यांना सहनच होत नव्हतं, आणि हे साध्या शब्दांत सांगायचं सोडून ते हात उगारायचे.

दुसरीकडे मास्तरांना नव्या शब्दांचं वेड लागलं. शाळेत हुकूम आला, विज्ञानातले इंग्रजी शब्द टाका. मास्तर प्रशिक्षण घेऊन आले आणि सर्किटला परिपथ म्हणू लागले. तारांचा वेढा पूर्ण जुळला की तो 'बंद परिपथ', त्यातून वीज वाहते. वेढा कुठे तुटला की 'खुला परिपथ', त्यातून वाहत नाही. पोरं गोंधळायची. बटण बंद म्हणजे वीज बंद, हे त्यांना आईच्या पोटातून ठाऊक. चुकलं की मास्तर हातावर छडी ओढायचे. "बोल! परिपथ बंद म्हणजे?" "वीज चालू, सर!" रडत रडत पोरं म्हणायची.

शाळेच्या स्नेहसंमेलनात माझा प्रयोग ठेवला होता. तपासनीस साहेब येणार होते. त्या दिवशी सकाळीच घरात भडका उडाला. नंदकुमारने सांगून टाकलं, "संमेलन झालं की मी चाललो जळगावले. खोली पाहून ठेवली." मास्तरांनी त्याची गचांडी धरून भिंतीवर आपटलं. नंदकुमारने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. कमल मध्ये पडली, तिच्या बांगड्या फुटल्या. रक्ताळलेल्या तोंडाने मास्तर ओरडले, "हात तोडून ठेवीन, पण तुले जाऊ देणार नाही!"

कमलने ते ऐकलं. मीही ऐकलं.

तरी दुपारी दोघे मला उचलून शाळेत घेऊन गेले. व्यासपीठावर सरस्वतीचा फोटो होता, म्हणून सगळे अनवाणी. धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडलेलं. गाड्या धावल्या, टाळ्या पडल्या, आणि फ्यूज जळला. नंदकुमारने नवी तार लावली, मास्तरांनी बटण दाबलं आणि खडू घेऊन ते फळ्याकडे वळले. साहेबांना परिपथ समजावू लागले. इकडे गाडी आचके देत होती, कारण माझा एक स्क्रू ढिला राहिला होता. नंदकुमारच्या ते लक्षात आलं. भिंग लावून तो वाकला, छाती माझ्यावर टेकवली आणि नेहमीसारखंच विचारलं, "दादा, बंद?"

मास्तरांचा चेहरा उजळला. मी तो पाहिला आहे, मित्रांनो, म्हणून शपथेवर सांगतो. त्यांना वाटलं, ज्याने आजवर या शब्दांची टिंगल केली तो आपला भाऊ साहेबांसमोर नव्या भाषेत विचारतो आहे. अभिमानाने ते म्हणाले, "बंद! अगदी बंद!"

नंदकुमारने स्क्रू चिमटीत धरला.

मी त्याला सोडायला पाहत होतो. पण विजेला सोडणं येत नाही. त्याची मूठ आवळली, दात करकरले, अंगठ्यातून धूर निघाला. बटण त्याच्याच छातीखाली दबलेलं. मास्तरांनी हाताला लागली ती कोरडी छडी उचलली आणि जिवाच्या आकांताने त्याच्या मनगटावर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी मनगट मोडल्याचा आवाज आला आणि हात सुटला. लोकांना मागचं काही कळलंच नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं, की मास्तर तडफडणाऱ्या भावाला छडीने मारताहेत. सुकलालने धावत येऊन मास्तरांना खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं.

अंगठा आतून जळाला होता. दवाखान्यात तो कापावा लागला. उजव्या हाताला अंगठा नसलेला घड्याळजी काय दुरुस्त करणार?

तीन आठवड्यांनी नंदकुमार घरी आला. मी ओसरीत पडून होतो. त्याने मला डाव्या हाताने कवेत उचललं. सात शेर वजन माझं. आत मास्तर बसले होते. "हात तोडीन म्हणला होता ना? तोडला! जाऊ द्यायचा नव्हता म्हणून मुद्दाम बंद म्हणला!" असं म्हणत त्याने मला मास्तरांच्या खांद्यावर हाणलं. हाड कडकन मोडलं. दुसरा घाव पाठीत बसला. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा हात उचलला नाही. "मार," ते म्हणाले. "पण मी खोटं नाही बोललो रे. परिपथ बंदच होता." हे ऐकून नंदकुमार आणखी चवताळला. त्याने मला डोक्याच्या वर नेलं, आणि त्या घावाने मास्तर उरले नसते.

"थांबा!" कमल ओरडली. फळीवरचं शाळेचं पुस्तक ओढून ती पानं उलटत होती. तिला ती ओळ पाठ होती, कारण थोरल्या दिरांना, म्हणजे मास्तरांना, ती घोकताना तिने महिनाभर ऐकलं होतं. "ऐका हे. परिपथ बंद होते ही विद्युत बहने लगती है."

"काय?"

"परिपथ बंद झाला की वीज वाहू लागते. असं छापलंय इथं. दादा तेच म्हणले."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. नंदकुमारने मला खाली ठेवलं, भावासमोर बसला आणि हुंदका देऊन म्हणाला, "मंग आता मी मारू कोणाले, दादा? हे लिहिणाऱ्याले कुठं शोधू?" मास्तरांनी एका हाताने त्याचं डोकं जवळ ओढलं. दोघे गुरासारखे रडले.

नंदकुमार जळगावला गेलाच. तिथे तो घड्याळं विकू लागला, दुरुस्ती सुटली. मास्तरांचा डावा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. आणि त्यांनी छडी पुन्हा उचलली नाही, हे त्यांच्या शाळेतल्या पोरांनी तुम्हाला सांगितलं असतं.

जायच्या दिवशी मी अजून चालतो का ते पाहायला माझा प्लग भिंतीत लावला होता, तेव्हा नंदकुमार माझ्यापाशी आला. "तो स्क्रू ढिला राहिला," म्हणाला. मास्तर उठले. या वेळी ना त्याने काही विचारलं, ना ते काही बोलले. त्यांनी भिंतीतून माझा प्लग उपटला, वायर ओढत आणली आणि प्लग भावाच्या चार बोटांच्या तळव्यावर ठेवून मूठ मिटवली. नंदकुमारने डाव्या हाताने स्क्रू आवळला. मग दोघांनी मिळून माझ्यावर झाकण बसवलं.

मित्रांनो, माझी पोचे पडलेली पाठ पाहून हळहळू नका. मला पुसून जपून ठेवा असंही मी म्हणणार नाही. मागणं एकच आहे. तुमच्या माणसाचा हात आत असेल, तेव्हा त्याला तोंडाने सांगू नका. प्लग उपटा आणि त्याच्या हातात द्या.